एलएलएमनंतर पीएच.डी. करायची आहे? फॉर्मच्या आधी प्रश्न शोधा

एलएलएमचा निकाल हातात पडला की पुढे पीएच.डी. करावी असं अनेकांच्या मनात येतं. मग धावपळ सुरू होते ती फॉर्मची: पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) कधी आहे, कुठल्या विद्यापीठाची जाहिरात आली, गाईड कोण मिळेल. ही माहिती पुढे दिली आहेच, पण माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा धरायला हवा. आधी प्रश्न, मग त्या प्रश्नाचं साहित्य हाताला लागतंय का याची तपासणी, मग गाईड आणि सर्वांत शेवटी फॉर्म. कायद्यातली पीएच.डी. रखडलेली बरीच मुलं-मुली पाहिली आहेत. हुशारी कमी पडली म्हणून अडलेलं त्यांच्यात क्वचितच कोणी असतं. तिसऱ्या वर्षी लक्षात येतं की आपल्याकडे शीर्षक आहे, पण नेमकं शोधायचं काय ते ठरलेलंच नाही. तोवर गाईडचाही उत्साह संपलेला असतो.

आधी स्वतःला विचारा

कॉलेजात शिकवायचं, एवढंच ध्येय असेल तर पीएच.डी.च्या आधी नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा) काढा. विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची करायचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठरवलं होतं, ते नंतर मागे घेतलं. १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि विधी हा विषय तिच्यात आहे. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र पीएच.डी. लागतेच. म्हणजे शिकवण्यातच आयुष्य काढायचं असेल तर आज ना उद्या ती करावी लागणार, फक्त नोकरीच्या घाईत ती पहिली नको.

वकिली करणाऱ्यांचं गणित वेगळं. पीएच.डी. झाली म्हणून पक्षकार वाढत नाहीत. पण प्रॅक्टिस करताना एखादी गोष्ट वर्षानुवर्षं खटकत असते. एकाच कलमाखाली शेजारच्या दोन तालुक्यांतली कोर्टं वेगळा विचार करतात किंवा एखादी तरतूद कागदावर आहे आणि तिच्याखाली अर्ज कोणी करतच नाही. असं काही खटकत असेल तर जरूर पुढे या. अशा माणसाकडे प्रश्न तयार असतो आणि तिथेच अर्धी लढाई जिंकलेली असते.

पात्रता आणि प्रवेश

सगळा कारभार यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीवर चालतो. ती ७ नोव्हेंबर २०२२ रोजी आली. मूळ नियमावली आणि तुमच्या विद्यापीठाचा त्यावरचा अध्यादेश किंवा परिपत्रक, दोन्ही स्वतः वाचा. आपण कायद्याचे विद्यार्थी आहोत, नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चालवू नयेत.

एलएलएमला किमान ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. एक वर्षाचा एलएलएम चालतो का, हे हमखास विचारलं जातं. चार किंवा त्याहून जास्त वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी नियमात बसते, त्यामुळे पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. आणि त्यावर एक वर्षाचा एलएलएम केलेल्यांनी घाबरू नये. तीन वर्षांचं एलएल.बी. करून एक वर्षाचा एलएलएम केला असेल किंवा एलएलएम परदेशातला असेल तर विद्यापीठाच्या पात्रता विभागाला आधीच लेखी विचारून उत्तर जपून ठेवा.

मुदत कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची वाढ आहे, म्हणजे एकूण दहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूदही आहे. ही रजा मागायला अनेक मुली संकोचतात. संकोचू नका, ती नियमातच लिहिलेली आहे.

प्रवेशाचे रस्ते दोन. पहिला नेटचा. २०२४ पासून नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह) पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश यांसाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. जेआरएफवाल्यांना थेट मुलाखत असते. बाकी दोन प्रकारांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. दुसरा रस्ता विद्यापीठाच्या पेटचा, जिथे ती घेतली जाते तिथे. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते, आणि अंतिम यादी इथेही ७०-३० ने लागते. कायद्याची मुलं मार खातात ती संशोधन पद्धतीच्या भागात. गृहीतक, नमुना निवड, प्राथमिक आणि दुय्यम साधनं, सैद्धांतिक आणि क्षेत्रीय संशोधनातला फरक, संदर्भ देण्याची रीत, एवढं पक्कं केलं तरी हा भाग सुटतो.

नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी संस्थेची एनओसी लागते आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. मोघम एनओसीवर पुढे अडवणूक होते. दूरशिक्षणातून पीएच.डी. करता येत नाही, तसं कोणी विकत असेल तर लांब राहा.

प्रश्न कसा शोधायचा

‘महिलाविषयक कायदे: एक चिकित्सक अभ्यास’, ‘भारतातील पर्यावरण कायद्याचे विश्लेषण’. अशी शीर्षकं प्रत्येक मुलाखतीत येतात. त्यांत वाईट काही नाही, पण त्यांतून काय शोधायचं हे कळत नाही. एक उदाहरण घेऊन प्रश्नापर्यंत कसं जायचं ते सविस्तर पाहू.

समजा तुम्हाला जात पंचायत आणि गावकीच्या बहिष्काराबद्दल काही करायचं आहे. महाराष्ट्राने त्यासाठी वेगळा कायदा केला, सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा अधिनियम. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. आता मागे जा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीला बंदी घालणारा कायदा केला होता आणि दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये बहुमताने घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी त्या निकालात वेगळं मत दिलं, ते मुद्दाम वाचा. पुढे त्या निकालाला आव्हान दिलं गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. २०१६ च्या कायद्याने १९४९ चा कायदा रद्दही केलेला आहे.

इथवर आलात की तुमच्याकडे विषय आहे. आता प्रश्न. नव्या कायद्यात पीडित व्यक्तीची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. इथे थांबा आणि विचार करा. गावात एकट्या पडलेल्या कुटुंबाची संमती कितपत मोकळी असते? मग प्रश्न असा होतो: ‘रायगड जिल्ह्यात जुलै २०१७ पासून या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकरणांपैकी किती तडजोडीने संपली, आणि तडजोडीनंतर बहिष्कार प्रत्यक्षात उठला का?’ यात जागा आहे, काळ आहे, कलम आहे आणि उत्तर आधीच माहीत नाही. रायगड यासाठी, की गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी तिथून पूर्वीपासून येत आल्या आहेत.

एवढ्यावर फॉर्म भरू नका. आता साहित्य तपासायचं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा. खटला क्रमांक, पक्षकार, वकील यांच्याबरोबरच अधिनियमानुसार शोधायचीही सोय तिथे आहे. कायद्याचं नाव टाका, प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही पर्याय पाहा आणि मिळालेल्या प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (त्या खटल्याची स्वतंत्र ओळख) वहीत उतरवा. अधिनियमाच्या नावाची नोंद प्रत्येक कोर्टात एकसारखी नसते, म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलमांनीही शोधून पाहा. दोन दिवस यात घातले की समजतं: प्रकरणं पुरेशी आहेत, की एका जिल्ह्याने भागणार नाही आणि शेजारचा जिल्हा जोडावा लागेल. हेच तिसऱ्या वर्षी कळलं तर दोन वर्षं पाण्यात जातात.

कोर्टाचं मूळ रेकॉर्ड पाहायचं किंवा नक्कल काढायची तर त्रयस्थ म्हणून कारण देऊन अर्ज करावा लागतो. विभागाचं पत्र सोबत जोडा. पोलिसांकडची आकडेवारी माहिती अधिकारातून मागता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘सर्व माहिती द्यावी’ असं कधीच लिहू नका. पोलीस ठाणं, कालावधी आणि कलम नेमकं लिहा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या जात पंचायतींविरुद्ध काम केलेल्या संघटनांच्या कार्यकर्त्यांना भेटा. कोर्टापर्यंत न पोचलेली प्रकरणं त्यांनाच माहीत असतात.

पीडितांशी बोलणार असाल तर त्यांची लेखी संमती घ्या आणि प्रबंधात गावाचं आणि माणसाचं नाव ओळखू येईल असं काही ठेवू नका. तुमचा प्रबंध पुढे सर्वांना खुला होतो, आणि त्या कुटुंबाला त्याच गावात राहायचं असतं. लैंगिक गुन्ह्यांवर काम करणाऱ्यांनी तर पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे हे पक्कं ध्यानात ठेवावं.

गुन्हेगारी कायद्यावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरचे दोन कायदे लागू झाले. तुमचे निकाल बहुतांशी जुन्या कलमांवर असणार. त्यामुळे सुरुवातीलाच जुन्या आणि नव्या कलमांचा तक्ता करा आणि कुठे फक्त क्रमांक बदलला, कुठे मजकूर बदलला हे वेगळं दाखवा.

गाईड

प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी आधी जागा आहे का ते विचारायचं. विद्यापीठं रिक्त जागांची यादी लावतात, ती पाहा.

त्यानंतर संबंधित सर किंवा मॅडमचं अलीकडचं लेखन वाचा आणि त्यांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध शोधगंगेवर उघडा. शोधगंगा हे भारतातल्या प्रबंधांचं खुलं भांडार आहे आणि तुमच्या विषयावर आधी काय झालंय हेही तिथेच कळतं. मगच भेटायला जा. जाताना सर्टिफिकेटांची फाईल नको, एक पान पुरे: प्रश्न, तो का महत्त्वाचा, साहित्य कुठे मिळेल आणि त्यातलं काय तपासून झालं आहे. ‘सर, टॉपिक तुम्हीच द्या’ असं म्हणू नका. दिलेल्या टॉपिकवर पाच वर्षं मन लागणं फार अवघड असतं.

त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्यांशीही बोला. मसुदा दिला की किती दिवसांत वाचून मिळतो, एवढं एक विचारलं तरी खूप कळतं. माझ्या मते गाईडच्या प्रसिद्धीपेक्षा हे उत्तर जास्त मोलाचं आहे. एखादे गाईड घरची कामं सांगतात किंवा पैशांची अपेक्षा करतात असं कानावर आलं तर तिथे जाऊ नका, कितीही ओळखी असल्या तरी. नोंदणीनंतर त्रास झाला तर विभागप्रमुखांकडे लेखी द्या. गाईड बदलून मिळू शकतो.

कुठे करायची, हे प्रश्नावरून ठरवा. मुंबई, पुणे, नागपूर या जुन्या विद्यापीठांचे विधी विभाग आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. गोव्याच्या वारसा कायद्यावर किंवा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर काम करायचं असेल तर गोव्यात राहूनच करा, तिथल्या नोटरींच्या दप्तरांना पर्याय नाही. परदेशात, उदाहरणार्थ हार्वर्डला एसजेडी, कोलंबियाला जेएसडी, ऑक्सफर्डला डी.फिल., अशा पदव्या आहेत आणि तिथेही संशोधन प्रस्तावावरच सगळं ठरतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही मिळते.

पैशांची सोय

जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,००० रुपये मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत, वर घरभाडे भत्ता असतो. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी आणि महाज्योती ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी फेलोशिप देते. जाहिराती कधी येतील याचा नेम नसतो, म्हणून पीएच.डी. नोंदणीचं पत्र, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर अद्ययावत ठेवा. फेलोशिप सुरू असताना दुसरं उत्पन्न चालतं का, हे अटींमध्ये वाचल्याशिवाय वकिली किंवा तासिका तत्त्वावरचं काम घेऊ नका. रक्कम उशिरा जमा होते, म्हणून पहिल्या काही महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या.

मुलाखत ते नोंदणी

मुलाखतीत कलमांची तोंडपाठ परीक्षा फारशी होत नाही. ‘तुमचं गृहीतक खोटं ठरलं तर प्रबंधात काय उरेल?’ हा प्रश्न मात्र येतो आणि तिथे बहुतेकांची बोलती बंद होते. बहिष्काराच्या उदाहरणात उत्तर सोपं आहे: तडजोडीनंतर बहिष्कार उठत असेल तर कायद्याची ती वाट चांगली ठरते आणि ती इतरत्र कशी वापरायची ते सांगता येतं. उठत नसेल तर न्यायालयाने परवानगी देताना काय तपासावं, हे सुचवता येतं. दोन्ही बाजूंनी काही हाती लागणारा प्रश्न चांगला समजावा.

प्रवेशानंतर कोर्सवर्क असतं, १२ ते १६ क्रेडिटचं, संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेच्या पेपरसह. त्यात ५५ टक्के लागतात. मग सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आरआरसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीसमोर, जातं आणि शीर्षक मंजूर होतं. शीर्षकात जिल्हा आणि कालावधी आत्ताच घाला, कारण नंतर बदल करायचा तर पुन्हा समितीची पायरी चढावी लागते. पुढे दर सत्रात आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) प्रगती मांडायची असते. तिला फॉर्मॅलिटी समजू नका. प्रत्येक बैठकीला एक लिहिलेलं प्रकरण घेऊन जा, अर्धवट का असेना.

वाचन आणि लिखाण

निकालांच्या नोंदींसाठी एकच तक्ता करा आणि शेवटपर्यंत तोच चालवा. रकाने असे: प्रकरणाचं नाव, न्यूट्रल सायटेशन (न्यायालयानेच निकालाला दिलेला संदर्भ क्रमांक), पीठ, कलम, न्यायालयापुढचा नेमका मुद्दा, कारणमीमांसा परिच्छेद क्रमांकासह, आणि हा निकाल पुढे टिकला की फिरवला गेला. शेवटचा रकाना लोक सोडतात आणि व्हायवाला (शेवटच्या तोंडी परीक्षेला) नेमकं तिथेच पकडलं जातं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत आहेत. मनुपात्रा आणि एससीसी ऑनलाइन हे निकालांचे सशुल्क संग्रह ग्रंथालयातून वापरा. निकालांची मराठी भाषांतरं समजून घ्यायला चांगली आहेत, पण उद्धृत करताना मूळ इंग्रजी पाठच घ्या. हेडनोटवरून (निकालाच्या आधी छापलेल्या सारांशावरून) कधीही लिहू नका, ती न्यायालयाची भाषा नसते.

लिखाण पहिल्या वर्षापासून सुरू करा. आधी सगळं वाचून काढू, मग लिहू, असं म्हणणाऱ्यांचं लिखाण सुरूच होत नाही. पहिलं लिहा ते तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याचं प्रकरण. प्रास्ताविक आणि इतिहास शेवटी लिहिलेले बरे, नाहीतर मनुस्मृतीपासून सुरू होऊन शंभर पानं तिथेच जातात.

जमा करताना

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत इतरांच्या लिखाणाशी साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं, चाळीस ते साठला एक वर्ष जमा करता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना कामाची गोष्ट म्हणजे कायद्यांचा मजकूर, संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजायची नसते, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य साम्यही. तुमच्या अहवालात कलमंच मोजली गेली असतील तर ग्रंथपालांना नियम दाखवून पुन्हा तपासणी मागा. पण निकालातला परिच्छेद शब्द बदलून स्वतःचा म्हणून लिहिला तर सॉफ्टवेअरला सापडो न सापडो, परीक्षकाला सापडतो.

शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध घेतला जात नाही, असं अजूनही सांगितलं जातं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती नाही. तुमच्या विद्यापीठाने ठेवली आहे का तेवढं पाहा, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका.

प्री-सबमिशन सादरीकरणात आलेल्या सूचना लिहून घ्या आणि प्रत्येकीचं काय केलं याची नोंद ठेवा. प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. अहवाल आले की व्हायवा होतो. तो खुला असतो, म्हणून आधी दुसऱ्या कोणाचा तरी जाऊन ऐका. व्हायवाच्या आदल्या आठवड्यात ई-कोर्ट्स आणि सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ पुन्हा पाहा. प्रबंध जमा केल्यानंतर आलेला निकाल परीक्षक हमखास विचारतात.

व्हायवा झाला की प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेसाठी जाते, नंतर पदवीची अधिसूचना निघते. त्याच वेळी ही पीएच.डी. २०२२ च्या नियमावलीनुसार झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून मागून घ्या. प्राध्यापक भरतीत ते मागतात, आणि दोन-चार वर्षांनी काढायला गेलात तर विभागातला क्लार्क बदललेला असतो आणि फाईल सापडायला महिने जातात.